पंक्चर उजवीकडचं की डावीकडचं?

स्टेपनी बदलता येणं ही आपल्याकडे बराच काळ मर्दुमकीची गोष्ट मानली गेली आहे. ज्याला चाक बदलता येत नाही त्यानं स्टिअरिंगला हात लावू नये, असं जुनी मंडळी सांगतात. नवी पिढी उलट विचारते, विम्याबरोबर रोडसाइड असिस्टन्सचे पैसे भरलेत, मग कपडे काळे कशाला करायचे? दोन्ही बाजूंचं भांडण कसबावर अडलेलं आहे : येतं की नाही, करायचं की करवून घ्यायचं. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र कसबाचा प्रश्न नंतर येतो. आधी पाहायचं ते गाडी कुठे उभी आहे आणि बसलेलं चाक कोणत्या बाजूचं आहे. तेच चाक, त्याच माणसानं, एका ठिकाणी खुशाल स्वतः बदलावं आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला हातही लावू नये, असं म्हणायला भक्कम कारणं आहेत.

आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो, म्हणून अडचण आली की गाडी डाव्या कडेला घेतो. डावं चाक बसलं असेल तर ते बदलणारा माणूस गाडीच्या आडोशाला, शेताच्या किंवा कठड्याच्या बाजूला बसतो. त्याच्या आणि रहदारीच्या मध्ये हजारभर किलोचं लोखंड असतं. उजवं चाक बसलं असेल तर तोच माणूस मार्गिकेलगत, पाठ रहदारीकडे करून, उकिडवा बसतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे. या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. पुढे काहीतरी आहे हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ४२ मीटर तिथेच संपले. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकनं थांबायला आणखी ५५ मीटर लागतात. म्हणजे शंभरेक मीटर झाले. समृद्धी महामार्गावरच्या १२० च्या वेगाला हाच हिशेब १३० मीटरच्या आसपास जातो. हा झाला जागा, सावध आणि चांगले टायर असलेल्या चालकाचा हिशेब. पहाटे तीनला डोळा लागलेल्या चालकासाठी असा हिशेब मांडताच येत नाही. सराव असलेल्याला चाक बदलायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, नसलेल्याला अर्धा-पाऊण तास. तेवढ्या वेळात शेजारून जाणाऱ्या प्रत्येकानं जागं असावं, मोबाइलमध्ये डोकं घातलेलं नसावं आणि कडेची पांढरी रेघ ओलांडू नये, अशा तीन भरवशांवर तुम्ही पाठ टेकवून बसलेले असता.

थांबलेलं वाहन किती घातक ठरतं, हे सांगायला उदाहरणं शोधावी लागत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर मध्यरात्रीनंतर थांबवलेल्या एका ट्रकवर भाविकांची मिनीबस मागून आदळली आणि १२ जणांचा जीव गेला. त्या ट्रकचा टायर बसलेला नव्हता, पण मागून येणाऱ्याला कारण कळत नसतं. त्याला फक्त आपल्यासारखीच धावते आहे असं वाटणारी एक आकृती दिसते आणि ती धावत नाही हे फार उशिरा उमगतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अपघात अहवालात उभ्या वाहनावर आदळण्याचा प्रकार स्वतंत्र रकान्यात मोजला जातो, यावरूनही त्याचं गांभीर्य कळावं. ब्रिटनमध्येही आपल्यासारखं डावीकडूनच चालवतात. तिथल्या हायवे कोडनं मोटरवेवर गाडी बंद पडली तर किरकोळ दुरुस्तीचासुद्धा प्रयत्न करू नका, डाव्या दारानं उतरा आणि कठड्यापलीकडे थांबा, असं सांगून ठेवलं आहे. तिथले रस्ते रुंद, कडेची मार्गिका मोकळी, चालक बऱ्यापैकी शिस्तीचे, आणि तरीही हा नियम. आपल्याकडे त्याच कडेच्या मार्गिकेतून डावीकडून ओव्हरटेक करणारे आहेत, उलट दिशेनं येणारे आहेत आणि दिवे न लावता उभे असलेले ट्रकही आहेत. मग तो नियम आपल्याला दुप्पट लागू नको का?

आणखी एक गोष्ट सहसा सुटून जाते. डावं चाक बसलं म्हणून निर्धास्त होता येत नाही, कारण स्टेपनी बहुतेक गाड्यांत डिकीच्या तळाशी असते. आधी बॅगा काढायच्या, मग गालिचा उचलायचा, मग मधला स्क्रू फिरवून चाक वर ओढायचं. हे सगळं गाडीच्या शेपटीशी उभं राहून, म्हणजे मागून धडक बसली तर जिथे चेंगरलं जाणार नेमक्या तिथे. शिवाय डिकी उघडली की काही गाड्यांत मागच्या दिव्यांचा भाग झाकणाबरोबरच वर जातो. द्रुतगती मार्ग, समृद्धी, चौपदरी महामार्गाचा उड्डाणपूल, बोगदा, घाटातलं वळण, चढ उतरून लगेच येणारी जागा – इथे चाक कोणत्याही बाजूचं असो, ते काम तुमचं नाही. मोठा वाहनतळ, पेट्रोल पंप, ढाब्याचं अंगण, गावातला रस्ता, सोसायटीचं आवार इथे कोणतंही चाक बदला. राहिला मधला प्रदेश, म्हणजे साधा राज्य मार्ग आणि जिल्हा मार्ग. तिथे ‘उजवं की डावं’ हा प्रश्न खरोखर निर्णायक ठरतो : दिवस आहे, कड रुंद आणि सपाट आहे, पुढचं-मागचं दोनशे मीटर दिसतं आणि चाक डावं आहे, तर बदला, यातली एखादी गोष्ट नसेल तर गाडी अजून थोडी पुढे न्या.

यावर पहिला आक्षेप अगदी रास्त आहे. मदत यायला तास लागतो, कधी दोन. वीस मिनिटांत चाक बदलून निघून जाणं हे दोन तास धोक्याच्या जागी उभं राहण्यापेक्षा बरं नाही का? याचं उत्तर माणूस आणि गाडी यांचा हिशेब वेगवेगळा मांडल्यावर मिळतं. माणूस कठड्याच्या पलीकडे, गाडीपासून थोडा मागच्या बाजूला उभा असेल, तर दोन तासही त्याला वीस मिनिटांच्या उकिडव्या बसण्यापेक्षा कमी धोक्याचे आहेत. (मागच्या बाजूला अशासाठी, की धडक बसली तर गाडी पुढे ढकलली जाते.) मुलांना आणि म्हाताऱ्यांना ‘तुम्ही एसीत बसा, मी बघतो’ असं म्हणून आत बसवून ठेवणं ही आपल्याकडची काळजी करण्याची रीत आहे आणि ती पूर्ण चुकीची आहे. उभ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसलेला माणूस सर्वांत असुरक्षित. पाऊस असला तरी छत्री घेऊन बाहेर. मात्र आक्षेपाचा अर्धा भाग तरीही शिल्लक राहतो : गाडी दोन तास तिथे उभी राहते आणि ती दुसऱ्या कुणाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून खरं उत्तर असं, की अशा जागी थांबूच नका.

इथे लोक अडखळतात, कारण बसलेल्या चाकावर गाडी चालवली तर टायर जातो, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. ते खरंही आहे. हवा नसलेल्या टायरच्या कडेच्या भिंती रिम आणि रस्त्यामध्ये चिरडल्या जातात, आतले धागे तुटतात आणि नुसत्या खिळ्यानं झालेलं शे-दीडशे रुपयांचं पंक्चर नव्या टायरच्या खर्चावर जातं. फार लांब नेली तर रिमही वाकतं. पण किंमत मांडून पाहा. लहान मोटारीचा टायर चार-सहा हजारांचा. बोगद्याच्या तोंडाशी किंवा पुलावर थांबून वाचवलेल्या सहा हजारांसाठी आपण काय पणाला लावतो आहोत? चारही इंडिकेटर लावा, अगदी डावीकडची कड धरा, ताशी दहा-पंधराच्या वेगानं, ब्रेक न मारता आणि स्टिअरिंग न झटकता, पुढच्या थांब्यापर्यंत, टोलनाक्यापर्यंत किंवा रुंद कडेपर्यंत गाडी न्या. एक किलोमीटर जावं लागलं तरी चालेल. पुढचं चाक बसलं असेल तर स्टिअरिंग जड होऊन एका बाजूला ओढेल, मागचं असेल तर गाडीचं बूड डोलेल. वेग कमी ठेवला तर दोन्ही आवरतं. टायर फाटून त्याच्या चिंध्या उडू लागल्या, तेव्हा मात्र थांबण्याला इलाज नाही.

ट्यूबलेस टायरनं हे गणित आणखी सोपं केलं आहे. ट्यूबच्या टायरमध्ये खिळा घुसला की हवा भसकन जाते. ट्यूबलेसमध्ये खिळाच भोकाचं बूच होऊन बसतो आणि हवा तासन् तास हळूहळू निघत राहते. त्यामुळे टायरमध्ये खिळा दिसला तर तो उपटायचा मोह आवरा. गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा हवेचा छोटा पंप दीड-दोन हजारांपासून मिळतो. हळू गळणाऱ्या टायरमध्ये तो दहा मिनिटांत पंक्चरवाल्यापर्यंत पोचण्याइतकी हवा भरतो आणि ना जॅक लागतो ना मदतीची गाडी. स्वतः करायचं की बोलवायचं या वादातली ही तिसरी वाट लोक विसरतात, आणि बहुतेक पंक्चरना तीच पुरते. भोक टायरच्या कडेच्या भिंतीत असेल, किंवा खड्ड्यात आपटून टायर चिरला असेल, तर मात्र पंप निरुपयोगी. कडेच्या भिंतीला पंक्चरची पट्टी लावून कुणी गाडी हातात दिली तर ती घेऊ नका. पंप आणखी एका कारणानं लागतो. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनी ठेवण्याची सक्ती उरली नाही. अनेक विजेच्या गाड्या आणि काही महागड्या मोटारी तेव्हापासून स्टेपनीविनाच येतात. तुमच्या डिकीत स्टेपनी आहे की नाही, हे शोरूममधल्या हाराफुलांच्या गडबडीत कुणी सांगितलेलं नसतं. आज खाली जाऊन बघा.

दुसरा आक्षेप बरोबर उलट दिशेनं येतो. इतक्या ठिकाणी हात लावायचा नाही म्हणता, पंप आहे, फोन आहे, मग चाक बदलायला शिकायचं कशासाठी? कारण महाराष्ट्र म्हणजे नुसता द्रुतगती मार्ग नव्हे. वरंध, आंबेनळी, ताम्हिणी, माळशेज या घाटांत मोबाइलची रेंज वळणावळणाला जाते-येते. गडचिरोलीच्या जंगलातल्या रस्त्यावर, नंदुरबारच्या सातपुड्यात किंवा राजापूर-लांजाच्या आतल्या वाडीत, कंपनीच्या कागदावर ‘सर्वत्र सेवा’ लिहिलेलं असलं, तरी ती सेवा म्हणजे जवळच्या तालुक्याच्या गावातल्या एखाद्या गॅरेजवाल्याला केलेला फोन असतो. त्याला सवड असेल, त्याची गाडी चालू असेल, तर तो येईल. या रस्त्यांवर रहदारी तुरळक, वेग कमी, आणि रात्र मात्र लांब. द्रुतगती मार्गावर कसब वापरू नका असं सांगणारा हाच तर्क इथे कसब हवंच असं सांगतो. शिवाय ज्याला चाक बदलता येतं, त्याला थांबण्याची जागा निवडता येते. ज्याला येत नाही तो फोनला रेंज मिळेल तिथे थांबतो, आणि रेंज उंचावरच्या, उघड्या, वळणावरच्या जागीच मिळते असा घाटातला अनुभव कुणालाही विचारा.

‘आमच्यात तेवढा जोर नाही’ हा तिसरा आक्षेप बहुतेक वेळा बायका आणि साठी ओलांडलेले पुरुष घेतात, पण यात जोराचा दोष थोडा आणि पान्याचा फार आहे. लहान मोटारीच्या चाकाचे नट साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेले असावे लागतात. एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाशी ३५ किलोचा भार दिला की तेवढा पीळ मिळतो. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या कुणालाही, हातानं ओढण्याऐवजी पान्यावर पाय ठेवून उभं राहिलं, तर तो नट सुटायला हवा. सुटत नाही, कारण टायरच्या दुकानात हवेच्या बंदुकीनं ‘टर्रर्र’ करून नट गरजेपेक्षा खूप जास्त आवळलेले असतात, आणि कंपनीनं दिलेला पाना आखूड असतो. चारशे-पाचशे रुपयांचा लांब दांड्याचा किंवा अधिकच्या चिन्हासारखा पाना डिकीत ठेवला की हा आक्षेप बराचसा विरघळतो. उरते ती स्टेपनी उचलण्याची अडचण. पंधरा किलोच्या घरातलं ते चाक कंबरेच्या दुखण्यावाल्यानं डिकीतून वाकून उचलू नये, हे खरं. त्यांच्यासाठी फोन हेच उत्तर आणि त्यात कमीपणा नाही.

बदलायचं ठरलं तर क्रम महत्त्वाचा आहे, कारण चुका क्रमातच होतात. जमीन सपाट आणि टणक हवी. उतारावर जॅक लावणं म्हणजे गाडी तीन पायांच्या स्टुलावर ठेवून ढकलण्यासारखं. गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’ वर, हँडब्रेक घट्ट, माणसं बाहेर. हँडब्रेक बहुतेक मोटारींत फक्त मागच्या दोन चाकांना धरतो, त्यामुळे मागचं एक चाक उचललं की त्याची अर्धी पकड हवेत जाते. म्हणून उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. (काम झाल्यावर ते दगड उचलून कडेला टाका. आपल्या रस्त्यांवर मध्येच पडलेले दगड डोंगरातून आलेले नसतात, ते चाक बदलून निघून गेलेल्या ट्रकवाल्यांचे असतात.) नट आधी सैल करायचे, चाक जमिनीवर असतानाच, प्रत्येकी अर्धा फेरा. चाक हवेत गेल्यावर जोर लावला तर चाक फिरतं आणि गाडी जॅकवरून घसरते. जॅक लावायची जागा दाराखालच्या पत्र्यावर दोन खाचांनी दाखवलेली असते. तिथेच लावायचा, नाहीतर पत्रा वाकतो किंवा विजेच्या गाडीत बॅटरीच्या पेटीला धक्का लागतो. कोकणातल्या पावसाळी लाल मातीत जॅकचा पाय भसकन आत जातो, त्यासाठी फूटभर लांबीची जाड फळी गाडीत असू द्यावी. गाडी उचलल्यावर स्टेपनी पत्र्याखाली आडवी सरकवून ठेवा आणि जुनं चाक निघालं की ते तिथे टाकून स्टेपनी बाहेर घ्या. जॅक कलला तर गाडी त्या चाकावर बसेल, तुमच्या हातावर नाही. गाडीखाली डोकं घालू नका, कशासाठीही.

समुद्राकाठच्या गाड्यांत नट निघाले तरी चाक गंजानं हबला चिकटून राहतं. अशा वेळी जॅकवर उभ्या गाडीला लाथा मारायच्या नसतात. नट हातानं दोन-तीन फेरे परत बसवा, गाडी खाली उतरवा आणि दोन्ही बाजूंना थोडी हलवा. तिच्याच वजनानं चाक मोकळं होतं. नवं चाक चढवताना नट हातानं लावायचे, मग समोरासमोरच्या जोडीनं, चांदणी काढावी तसे, थोडे थोडे आवळायचे. एकाच बाजूनं ओळीनं आवळले तर चाक तिरकं बसतं. शेवटची पकड गाडी जमिनीवर आल्यावर. आणि अलॉय व्हीलवर चोरीला आळा घालणारा एक वेगळा नट असेल, तर त्याची किल्ली गाडीत आहे ना, हे पंक्चर व्हायच्या आधी बघायचं असतं. ती नसेल तर तुमचं कसब आणि मदतनिसाचंही, दोन्ही त्या एका नटापाशी संपतं.

ज्या वस्तूभोवती हा सगळा वाद फिरतो तिला आपण स्टेपनी म्हणतो, पण इंग्रजांच्या देशात हा शब्द आज जवळपास कुणी वापरत नाही. वेल्समधल्या लानेथ्ली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ मध्ये डेव्हिस बंधूंनी जादा चाकाचा धंदा सुरू केला. त्या रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं, आणि तिकडे विसरलं गेलं तरी आपल्याकडे टिकलं. नाव टिकलं, पण वस्तूची आबाळ झाली. चार चाकांत हवा भरून घेणारा माणूस पाचव्याकडे वर्षानुवर्षं बघत नाही. न वापरताही रबर म्हातारं होतं. टायरच्या भिंतीवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१६ असं लिहिलेलं असेल तर तो टायर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला, आणि तो रस्त्यावर कधीच आला नसला तरी लांब प्रवासाला भरवशाचा राहिलेला नाही. बाहेरून सीएनजी बसवून घेतलेल्या गाड्यांची गत आणखी वाईट : टाकी डिकीत आडवी, स्टेपनी तिच्याखाली अडकलेली, किंवा जागा नको म्हणून घराच्या गच्चीवर. अशा गाडीच्या मालकानं ‘मी स्वतः बदलेन’ म्हणण्याआधी एकदा ती स्टेपनी बाहेर काढून दाखवावी.

मदत बोलवायची असेल तर कुणाला, हे रस्ता कुणाचा यावर ठरतं. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि गस्तीची गाडी, क्रेन, रुग्णवाहिका यांच्यापर्यंत पोचवतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग हे राज्य रस्ते विकास महामंडळाचे; त्यांचे मदतीचे क्रमांक वेगळे आहेत आणि कडेच्या फलकांवर लिहिलेले असतात. निघण्याआधी ते फोनमध्ये साठवून ठेवा. जिवाचा धोका किंवा संशयास्पद माणसं असतील तर ११२. विम्याबरोबरची किंवा कंपनीची रोडसाइड असिस्टन्स ही त्यानंतरची पायरी. तिचा कागद घरी बसून वाचा : वर्षातून किती वेळा, किती किलोमीटरपर्यंत ओढून नेणार, पंक्चरसाठी येणारा माणूस फक्त स्टेपनी चढवून देणार की पंक्चरही काढणार? बहुतेक ठिकाणी तो तुमचीच स्टेपनी चढवतो. ती बसलेली असेल तर पुढे ओढून नेणं आलं, आणि तिथून खर्चाचे नियम बदलतात. फोनवर बोलताना ‘लोणावळ्याच्या पुढे’ एवढं पुरत नाही. कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा, कोणत्या शहराकडे जाणारी बाजू, कोणतं चाक, स्टेपनीची स्थिती, आणि लाइव्ह लोकेशन, एवढं सांगितलं की येणाऱ्याचे अर्धे हेलपाटे वाचतात. येणारा माणूसही हाडामांसाचाच आहे हे विसरू नका. त्याच्याकडे चमकणारं जाकीट आणि लुकलुकत्या दिव्यांची गाडी असते, तुमच्याकडे नसते. त्याचं काम कमी धोक्याचं होतं ते एवढ्यामुळेच. उजवं चाक द्रुतगती मार्गाच्या कडेवर बदलायला तो खळखळ करत असेल आणि गाडी आधी पुढच्या थांब्यावर नेऊ म्हणत असेल, तर त्याचं ऐका.

परावर्तक त्रिकोण ठेवण्याबद्दल एक अडचण मान्य केली पाहिजे. साध्या रस्त्यावर तो गाडीमागे पन्नासेक मीटरवर ठेवावा. वेगवान रस्त्यावर वरच्या हिशेबानं शंभराहून जास्त मीटर हवा, पण तो ठेवण्यासाठी रात्री कडेनं शंभर मीटर चालत जाणं हाच मोठा धोका असतो. ब्रिटनचा नियम मोटरवेवर त्रिकोण ठेवूच नका असं सांगतो तो याच कारणानं. कठड्याच्या बाहेरून चालत जाता येत असेल तर त्रिकोण छातीशी धरून, रहदारीकडे तोंड करून जा. नसेल तर चारही इंडिकेटर चालू ठेवा, डिकी बंद ठेवा आणि तुम्ही कठड्यापलीकडे व्हा.

रात्री एकट्यानं प्रवास करणाऱ्या बाईला ‘कठड्यापलीकडे अंधारात थांबा’ असं सांगणं हा या लेखातला सर्वांत कच्चा सल्ला ठरेल, हे उघड आहे. वाहनांचा धोका आणि माणसांचा धोका इथे एकमेकांविरुद्ध उभे राहतात, आणि कोणता मोठा हे दुसऱ्या कुणी ठरवू नये. पण त्यातूनही तीच वाट निघते : टायरचा बळी द्या आणि उजेडापर्यंत, पंपापर्यंत, टोलनाक्यापर्यंत गाडी रेटत न्या. तिथे चाक स्वतः बदला किंवा फोन करा, दोन्ही चालेल. ‘मॅडम, मागचं चाक बसलंय’ असं सिग्नलला कुणी खिडकीवर टकटक करून सांगितलं, तर तिथेच उतरू नका. सीटवरची बॅग पळवण्याचा तो जुना डाव आहे. खरंच बसलं असेल तर स्टिअरिंग सांगेलच.

स्टेपनीवर गाडी निघाल्यावर काम संपत नाही. चाकं बदलून झाल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनी नट पुन्हा आवळून पाहायचे असतात, कारण नव्यानं बसवलेलं चाक थोडं सैल होऊ शकतं. बारीक, ठळक रंगाची स्टेपनी असेल तर तिच्यावर लिहिलेली ताशी ८० किलोमीटरची मर्यादा पाळा, आणि काही बारीक स्टेपन्यांना नेहमीच्या ३०-३३ ऐवजी ६० पीएसआय हवा लागते, ती भरलेली आहे ना ते बघा. पंक्चर त्याच दिवशी काढून घ्या, कारण आता तुमच्याकडे पाचवं चाक नाही. दुकानात टायर पाण्यात बुडवताना समोर उभे राहा. एका खिळ्याची पाच पंक्चर मोजून देणारे हात सगळ्या हमरस्त्यांवर आहेत. आणि चाक परत चढवताना हवेची बंदूक बाजूला ठेवून शेवटची पकड हातपान्यानं द्यायला सांगा. पंक्चरवाला कुरकुर करेल, दोन मिनिटं जास्त लागतील. मग डिकीतला तुमचा स्वतःचा पाना काढून, त्यावर पाय ठेवून, एक नट सुटतो का ते त्याच्यासमोरच करून बघा आणि परत आवळून घ्या.